क्लचमावशींच्या लाल पेशी

गाडी शिकायला आलेला माणूस पहिल्या दिवशी क्लचमावशींचा ओरडा न खाता घरी गेला, असं कधी झालं नाही. "क्लच! अहो, क्लच दाबा! तो काय शोभेला ठेवलाय?" हे त्या इतक्यांदा आणि इतक्या मोठ्यानं ओरडत, की विद्यार्थ्यांनी त्यांचं खरं नाव कधी विचारलंच नाही. वीसेक वर्षं त्या शिकवत होत्या. त्यांच्या हाताखालून एक न्यायाधीश गेले, दोन खाटीक गेले, त्यांचा स्वतःचा दातांचा डॉक्टरही गेला, आणि सगळ्यांनी सारख्याच शिव्या खाल्ल्या. गाडी लहान, पांढरी, डाव्या दाराला पोचा आलेली. मावशींच्या पायाशी शिकवणाऱ्यासाठीचा जादा ब्रेक. त्या ब्रेकवर त्यांचा पाय कायम तरंगत असे. समोरून कोण येतंय, विद्यार्थ्याची मान कुठं वळलीय, त्याचा गुडघा थरथरतोय का, सगळं त्यांना दिसायचं आणि पाय आपोआप खाली जायचा.

एका सकाळी तो गेला नाही.

बँकेतला एक कारकून वळण घेत होता. कोपऱ्यावरचा कचऱ्याचा डबा मावशींना लांबूनच दिसला होता. आता हा डब्यावर जाणार, हेही त्यांना कळलं. पण पायात शिसं भरल्यासारखं झालं. डोळ्यांसमोर बारीक काळे ठिपके नाचले आणि धाडकन डबा आडवा झाला. सालं, कागद, बाटल्या रस्ताभर पसरल्या. कुणाला लागलं नाही. बिचारा कारकून रडकुंडीला येऊन माफी मागत होता, आणि चूक आपली हे फक्त मावशींना ठाऊक होतं.

गेले काही महिने जिना चढताना त्या मधल्या मजल्यावर थांबत, चप्पल नीट करायचं निमित्त करून. "वय झालं," असं स्वतःला सांगून मोकळ्या होत. डबा पडला त्या दिवशी मात्र त्या परस्पर दवाखान्यात गेल्या. हिमोग्लोबिन असायला हवं त्याच्या निम्म्याच्याही खाली. नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "बायकांना असतंच हो हे," आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. रक्त चढवलं, मावशी तरतरीत झाल्या. तीन आठवड्यांत पुन्हा जैसे थे. मग मोठं रुग्णालय आलं, रक्ताच्या आजारांचा वेगळा विभाग आला, आणि कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढून तपासणं आलं. त्या सुईबद्दल मावशी एवढंच म्हणायच्या, की आपल्या वाईटातल्या वाईट विद्यार्थ्यालाही ती टोचू नये.

निकाल सांगायला त्या विभागातल्या डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवलं. डॉक्टरबाई तरुण होत्या आणि भरभर बोलायच्या. मावशींच्या शेजारी त्यांचे यजमान बसले होते. विद्यार्थी त्यांना काका म्हणत. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं त्यांचं काम, आणि स्वभावानं ते मावशींच्या अगदी उलट.

"हाडांच्या पोकळीत रक्त तयार होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्यात पांढऱ्या पेशी व्यवस्थित तयार होताहेत. रक्त गोठवणाऱ्याही होताहेत. लाल पेशी मात्र अगदी सुरुवातीच्या एखाददुसऱ्या दिसतात आणि पुढं काहीच नाही."

"पुढं काही नाही म्हणजे?"

"म्हणजे जन्माला येतात, पण मोठ्या होत नाहीत."

"का?"

"ते शोधायचंय. हा जन्मापासूनचा आजार नाही, नंतर झालेला आहे. फार दुर्मिळ. लाखांत एखाद्याला होतो."

"बघ," काका हळूच म्हणाले, "मी म्हणतच आलोय, तू लाखांत एक आहेस."

मावशींनी असं काही पाहिलं, की काका चष्मा काढून पुसायला लागले.

मग कारण शोधायची मोहीम निघाली. छातीत गाठ असते कधीकधी म्हणून छातीचा स्कॅन झाला. गाठ नव्हती. एखादा विषाणू असतो म्हणून तपासणी झाली. विषाणू नव्हता. आधीची औषधं, सांधे, यकृत, सगळं बघून झालं. दर वेळी खिडकीपलीकडची मुलगी हसून अहवाल द्यायची, "छान! काही नाही निघालं," आणि दर वेळी मावशींच्या डोक्यात तिडीक जायची.

"काही नाही म्हणे! मग मी काय नाटक करतेय?"

स्टेरॉइड सुरू झालं. चेहरा फुगला, साखर वाढली, झोप उडाली. भूक अशी, की काकांच्या ताटातलं उरलेलं दिसलं तरी हात जायचा. मुळात पारा चढायला वेळ लागत नव्हता, आता तो चढूनच बसला. गोळ्यांनी त्यांचं सगळं बदललं. बदललं नाही ते फक्त रक्त. दर तीन आठवड्यांनी रुग्णालयातल्या त्या कलत्या खुर्चीत दिवसभर बसायचं, कुणा अनोळखी माणसाचं रक्त थेंबाथेंबानं अंगात घ्यायचं, आणि पुढचे आठ-दहा दिवस माणसासारखं जगून पुन्हा उतरणीला लागायचं.

शिकवणं बंदच होतं. डॉक्टरबाईंनी परवानगी नाकारली होती, आणि डब्याची गोष्ट आठवून मावशींनीही हट्ट धरला नाही. गाडी खाली उभी होती. एक दिवस खिडकीतून बघतात, तर काकांनी तिच्यावर राखाडी कापड घातलेलं.

"हे कुणी सांगितलं होतं?"

"धूळ बसत होती गं."

"मग बसू दे की! आत्ताच झाकून टाकली? मी अजून आहे म्हटलं!"

काका मुकाट्यानं खाली गेले आणि कापड काढून आले. त्यांनी वाद घातला असता तर निदान भांडता आलं असतं. तेवढंही सुख नाही, म्हणून मावशी संध्याकाळपर्यंत धुमसत राहिल्या.

त्यात नणंद यायची. काकांची ही धाकटी बहीण मनानं चांगली, पण ऐकून घेणं तिच्या गावी नव्हतं. पिशवीभर बीट आणि लोहाच्या टॉनिकची बाटली टेबलावर ठेवून ती म्हणाली, "वहिनी, महिनाभर हे घ्या. माझ्या शेजारणीचं रक्त दुपटीनं वाढलं."

"वन्सं, मला लोह बंद केलंय. चढवलेल्या रक्तातूनच इतकं साठलंय, की लोहचुंबक लावलं तर चिकटेल."

"काहीतरीच तुमचं! लाल खाल्लं की लाल होतं, साधी गोष्ट आहे."

"मग टोमॅटोचा सॉसच पिते ना बाटलीभर!"

नणंद रुसून गेली. बीट काकांनी पंधरा दिवस खाल्लं.

स्टेरॉइडनं हात टेकले तेव्हा डॉक्टरबाईंनी पुन्हा एकदा मगज काढायचं ठरवलं. त्या दिवशी त्यांच्याबरोबर एक उंच, वाकलेला, संकोची माणूस होता. वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत तो लाल पेशी कशा वाढतात यावर संशोधन करायचा. तपासणीसाठी लागतो त्याहून थोडा जास्त नमुना संशोधनाला द्याल का, असं त्यानं खाली मान घालून विचारलं.

"त्याचा मला काय उपयोग?"

"तुम्हाला... कदाचित काहीच नाही."

हे ऐकून मावशींना तो एकदम आवडला. इतक्या महिन्यांत खरं बोललेला पहिलाच माणूस. "घ्या," त्या म्हणाल्या, "पण काय निघालं ते मला सांगायचं. इथं सगळे घेऊन जातात, सांगत कुणी नाही."

त्याला त्यांनी तिथल्या तिथं लंबू हे नाव देऊन टाकलं.

नव्या तपासणीत जुनंच निघालं. डॉक्टरबाईंनी दुसरं औषध सुचवलं. तेही शरीराच्या प्रतिकारशक्तीला आवर घालणारं, पण वेगळ्या पद्धतीचं. परिणामांची यादी ऐकताच मावशी उठून उभ्या राहिल्या. हात थरथरतील, हिरड्या सुजतील, रक्तदाब वाढेल, मूत्रपिंडं सांभाळावी लागतील.

"आणि उपयोग होईल?"

"बऱ्याच जणांना होतो. खात्री नाही देऊ शकत."

"पहिल्या गोळ्यांच्या वेळी हेच म्हणाला होतात. तोंडाचा भोपळा झाला, दुसरं काही झालं नाही. नको. रक्त चढवत राहा, बास."

"लोह साठत जाईल. हृदयावर..."

"तेव्हाचं तेव्हा."

काका काहीतरी बोलणार होते, पण बायकोचा चेहरा पाहून गप्प बसले.

पुढच्या वेळी रक्त चढवून झाल्यावर मावशी लिफ्टनं वरच्या मजल्यावर गेल्या. हातावर अजून पट्टी चिकटवलेली. काकांना त्यांनी खालीच बसवलं होतं. लंबूला दारातच गाठून म्हणाल्या, "काय म्हणतात माझ्या पेशी?"

लंबूचा चेहरा उतरला. "बुरशी लागली."

"कशाला?"

"बश्यांना. म्हणजे ज्यात पेशी वाढवतो त्या. सगळ्या टाकून द्याव्या लागल्या."

"माझ्या हाडातून काढलेलं ते तुम्ही बुरशीला खायला घातलंत?"

"सगळं नाही. दोन कुप्या गोठवून ठेवल्यात."

महिनाभरानं त्यातली एक कुपी वितळवून पेशी उबवणीच्या पेटीत वाढायला ठेवल्या, तर पेटीतला वायू संपल्यामुळे त्याही वाया गेल्या. सुट्टीच्या दिवशी सिलिंडर बदलायचा कुणीतरी विसरलं होतं. लंबूनं हे फोन करून स्वतःच सांगितलं, आणि मावशींनी त्याला असं फैलावर घेतलं, की काकांनी आतून येऊन पंखा लावला. फोन ठेवल्यावर त्या खुर्चीत बसून राहिल्या. दम लागला होता. ओरडायलासुद्धा रक्त लागतं, हे त्यांना तेव्हा कळलं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते दुःखापेक्षा संतापानं.

"एकच उरलीय आता," त्या काकांना म्हणाल्या. "एक कुपी. तीही घालवतील."

"आणि नाही घालवली तर?"

"तर काय? मला काय फरक पडतो?"

पण फरक पडत होता. घरात बसून दुसरं करायचं काय? कणिक मळताना त्यांच्या मनात लंबूची ती पेटी असायची. फोन वाजला की आधी तोच असेल असं वाटायचं. त्यांच्या लाल पेशी त्यांना आता जवळजवळ विद्यार्थ्यांसारख्या वाटत. पहिल्याच धड्याला येऊन पुन्हा तोंड न दाखवणारे, आळशी, बेजबाबदार. मनातल्या मनात त्या त्यांच्यावरही ओरडायच्या.

फोन आला तो भर दुपारी. "येऊ शकाल का?" एवढंच लंबू म्हणाला.

आतल्या खोलीत बाहेरच्यांना मज्जाव होता. लंबूनं त्यांना बाहेरच्या खोलीत सूक्ष्मदर्शकापुढं बसवलं. काका मागं उभे राहिले. टेबलावर स्टँडमध्ये तीन बारीक नळ्या होत्या. लंबूनं पहिली उजेडात धरली. तळाशी मोहरीएवढा ठिपका होता. लाल. अगदी निर्विवाद लाल.

"हे कुणाचं?"

"तुमचं."

मावशींनी नळीकडं पाहिलं, लंबूकडं पाहिलं, पुन्हा नळीकडं पाहिलं.

"तुमच्या मगजातल्या पेशी धुऊन घेतल्या," लंबू म्हणाला. आपल्या विषयावर आल्यावर त्याचा संकोच गेला होता. "मग बाहेरचं पोषण देऊन वाढवल्या. वाढल्या. आता यातून बघा."

मावशी वाकल्या. दिव्याच्या गोल उजेडात रंगवलेल्या पेशी पसरल्या होत्या. लंबू शेजारून सांगत होता. या मोठ्या, गडद निळ्या, या सगळ्यांत कोवळ्या. मग त्या विभागत, लहान होत जातात. आत लाल रंगद्रव्य भरत जातं, तसा निळा रंग जाऊन गुलाबी येतो. आणि मधला तो काळा ठिपका, केंद्रक, ज्यात पेशीचा सगळा कारभार असतो, तो आक्रसत जातो आणि शेवटी पेशी तो बाहेर टाकून देते.

"टाकून देते?"

"हो. तो गेला की प्राणवायू वाहून न्यायला जागा होते. मग ती रक्तात यायला तयार."

"म्हणजे डोकं फेकून देऊन रस्त्यावर यायचं," मावशी म्हणाल्या. "माझे निम्मे विद्यार्थी तेच करतात."

लंबू हसला. काकाही हसले. मावशी मात्र हसता हसता थांबल्या. त्या डोळा न काढता बघत राहिल्या. एक पेशी केंद्रक बाहेर ढकलण्याच्या बेतात होती, अगदी कडेला, अर्धं आत अर्धं बाहेर. तशीच रंगवली गेली होती.

"मग यांना माझ्यात वाढायला काय झालंय?"

लंबूनं दुसरी नळी उचलली. तळ फिकट, मळकट पांढरा. "याही तुमच्याच. फरक एवढाच, की यात तुमच्या रक्तातलं पाणी घातलंय, पेशी काढून उरतं ते. आणि ही तिसरी दुसऱ्या एका धडधाकट माणसाच्या पेशींची. त्यातही तुमचंच पाणी घातलं. त्याही नीट वाढल्या नाहीत."



"म्हणजे पेशी चांगल्या आहेत," मावशी सावकाश म्हणाल्या, "आणि मीच त्यांना मारतेय."

"तुम्ही नाही. तुमच्या प्रतिकारशक्तीचा एक भाग. त्याला वाटतंय की या परक्या आहेत."

"एकच झालं!" त्या ताडकन उठल्या, आणि घेरी आली म्हणून टेबल धरून पुन्हा बसल्या. "इतके महिने मी यांना शिव्या घालतेय. आळशी म्हणतेय. या इथं बशीत गुमान वाढताहेत, आणि माझ्या घरात यांना जागा नाही? मग परत घाला त्यांना माझ्यात!"

"तिथं गेल्या तर तेच होईल. आणि हा ठिपका आहे. तुम्हाला रोज अब्जावधी लागतात."

"मग उपयोग काय या सगळ्याचा?"

लंबूनं खांदे पाडले. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कदाचित काहीच नाही. एका माणसाच्या एका कुपीवरून मी काही ठामपणे म्हणूही शकत नाही. तीन वेळा करून बघायला हवं होतं, त्यातलं दोनदा माझ्याकडूनच..."

"बुरशी आणि सिलिंडर. माहितीय."

बाहेर पडल्यावर मावशी लिफ्टपाशी उभ्या राहिल्या, पण बटण त्यांनी दाबलं नाही. आपल्याच अंगाचा आपल्याला एवढा राग कधी येईल, असं त्यांना वाटलं नव्हतं. नशीब, वय, आळशी पेशी, डॉक्टर, नणंद, सगळ्यांवर चिडून झालं होतं. आता चिडायला उरलं होतं ते घरातलंच.

"अहो," त्या म्हणाल्या, "त्या बाई असतील का खाली आत्ता?"

"असतील की."

"विचारू या मग. त्या हात थरथरायच्या गोळ्यांचं."

काकांनी झटकन बटण दाबलं. बायकोचं मन बदलायच्या आत लिफ्ट यावी म्हणून त्यांनी ते चार-पाच वेळा दाबलं.

औषध सुरू झालं आणि पहिला महिना काहीच घडलं नाही. कोवळ्या लाल पेशी रक्तात किती उतरतात याची वेगळी मोजणी असते. ती शून्य आली. पुन्हा शून्य. पेला तोंडाशी नेताना हात थरथरू लागला, हिरड्या दुखू लागल्या, हनुवटीवर लव उगवली. "मला मिशा फुटल्या," मावशी डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "पण तुमच्या पेशी काही फुटेनात." रक्तदाबाची एक गोळी वाढली. दोनदा त्यांनी औषध कचऱ्यात टाकायचं ठरवलं. एकदा तर पाकीट हातात घेऊन डब्यापाशी गेल्याही. काका दारात आले आणि काहीच न बोलता उभे राहिले. त्यांच्या त्या गप्प उभं राहण्यानं मावशींना असं काही झालं, की त्या ओरडल्या, "घेतेय! घेतेय मी! बघत काय बसलाय?"

मग एका तपासणीत शून्याच्या जागी काहीतरी आलं. इतकं थोडं, की डॉक्टरबाईंनी कागद दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, "आत्ताच काही बोलायला नको." पुढच्या वेळी थोडं जास्त. रक्त चढवण्यातलं अंतर तीन आठवड्यांवरून पाचावर गेलं.

त्यानंतरच्या फेरीला मावशी सगळी तयारी करून आल्या होत्या. पांघरूण, पाण्याची बाटली, उशी. काकांनी दिवसभराची रजा टाकलेली. डॉक्टरबाईंनी अहवाल वाचला आणि म्हणाल्या, "आज नको."

"नको म्हणजे?"

"रक्त नको. तुमचं तुम्हीच धरून ठेवलंय या वेळी."

"पण यांनी रजा टाकलीय!" मावशींच्या तोंडून हेच निघालं.

डॉक्टरबाई पहिल्यांदाच मोकळेपणी हसल्या. मग हिमोग्लोबिन अजून कमीच आहे, औषध चालूच ठेवायचं आहे, कदाचित वर्षानुवर्षं, आणि घाईनं कमी केलं तर आजार उलटू शकतो, हे सगळं त्यांनी नेहमीच्या वेगानं सांगितलं.

"म्हणजे बरी नाही झाले मी."

"बऱ्या होताय."

"कधी होणार ते नाही सांगता येणार."

"नाही."

"वाटलंच," मावशी म्हणाल्या.

त्या वर जाऊन लंबूला सांगून आल्या. तो इतका खूश झाला, की त्याला बोलता येईना. बश्यांतल्या पेशींचं काय झालं, असं मावशींनी विचारलं. वाढून झाल्या की त्या फार दिवस टिकत नाहीत, टाकून दिल्या, असं त्यानं सांगितलं. "विचारायचं तरी!" मावशी म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

रुग्णालयाबाहेर आल्यावर रिकाम्या दिवसाचं काय करावं हे दोघांनाही सुचेना. बसची वाट न बघता मावशी चालायला लागल्या. पांघरूण आणि उशी सांभाळत काका मागं. उतार होता, ऊन होतं, दुकानं नुकती उघडत होती. पहिल्या कोपऱ्यापर्यंत त्या झपाझप गेल्या. दुसऱ्याला पावलं जड झाली. तिसऱ्या कोपऱ्यावर एका बुटक्या भिंतीवर त्या टेकल्या आणि छाती वरखाली होऊ लागली.

"दमलीस?" काकांनी विचारलं.

"नाही. तुमच्यासाठी थांबले. ओझं आहे ना तुमच्या हातात."

काका उशी मांडीवर घेऊन शेजारी बसले. जरा वेळानं मावशी उठल्या. घर येईपर्यंत त्यांनी काकांसाठी आणखी दोनदा विश्रांती घेतली.